फळी, कुंडी आणि दोन सूत जागा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना थोडेंसें आश्चर्य वाटलें असेल. आयुष्यभर मुलांना उजळणी आणि शुद्धलेखन शिकविलेल्या माणसानें निवृत्तीनंतर फार तर सद्वर्तनावर चार शब्द सांगावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. स्वयंपाकघरांतील लांकडी ओटा आणि त्यांत बसवावयाची भांडीं घासण्याची कुंडी, जिला आतां सर्वत्र सिंक म्हणतात, हा कांहीं शिक्षकाचा विषय नव्हे. शालान्त परीक्षेपलीकडे माझें शिक्षण झालेलें नाहीं आणि सुतारकामाचें तर मुळींच नाहीं. परंतु हें एक काम मीं माझ्या हातांनीं एकदां बिघडविलें आहे आणि दुसऱ्यानें शिकविल्यावर एकदां नीट केलें आहे. बिघडलेल्या कामाविषयीं बोलण्याचा अधिकार तें बिघडविणाऱ्याला थोडाफार पोहोंचतो, एवढ्याच बळावर मी आपल्यापुढें आलों आहें.

प्रथम या कामाचा प्रसंग कां आला तें सांगतों. आमचें घर कोंकणांत, रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर आणि मागल्या बाजूस मोरी, असें तें जुन्या पद्धतीचें घर. मोरींत बसून भांडीं घासावयाचीं ही रीत माझ्या आजीपासून चालत आलेली. माझ्या पत्नीनेंहि ती जवळजवळ चाळीस वर्षें चालविली. पुढें तिचे गुडघे दुखूं लागले आणि डॉक्टरांनीं उकिडवें बसण्यास मनाई केली. ती मनाई तिनें ऐकून घेतली आणि आपलें काम पूर्ववत् चालूं ठेवलें. एके संध्याकाळीं मोरींत भांड्यांचा आवाज नेहमींपेक्षां अधिक होऊं लागला, म्हणून मी पाहावयास गेलों. तों ती एका हातानें भिंतीला धरून उठण्याची धडपड करीत होती, आणि ती धडपड मला ऐकूं येऊं नये म्हणून दुसऱ्या हातानें भांडीं वाजवीत होती. त्याच दिवशीं मीं ठरविलें, कीं उभ्यानें भांडीं घासतां येतील अशी सोय घरांत करावयाचीच.

आजकाल गांवोगांवीं ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा ओटा घालतात. पाण्याच्या दृष्टीनें दगडच श्रेष्ठ, हें मी आरंभींच मान्य करतों. मग लांकडाचा हट्ट कां? त्याचें कारण आमच्या माळ्यावर होतें. माझ्या आईच्या झोपाळ्याची सागवानी फळी, छपराचे वासे बदलले तेव्हांपासून, तेथें पडून होती. साडेपांच फूट लांब, पंचवीस इंच रुंद, दीड इंच जाड. दोन रुंद फळ्या एकजीव जोडून केलेली, आणि चार कोपऱ्यांना कड्यांचीं चार भोंकें. तिची आठवण पत्नीनेंच काढली. ती म्हणाली, "अहो, ती फळी काय उंदरांसाठीं ठेवली आहे? सासूबाईंनीं तिच्यावर बसून भाज्या निवडल्या, मीं तिच्यावर मुलें निजविलीं. आतां तिच्यापाशीं उभी राहीन." यापुढें माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मात्र आईच्या झोपाळ्याच्या फळीला करवतीनें मोठें भोंक पाडावयाचें होतें, आणि पाडलेलें भोंक कांहीं परत भरतां येत नाहीं, याची धास्ती मनांत होती.

उभ्या ओट्याला परकी चाल म्हणून नाकें मुरडणारे वडीलधारे अजून कोठें कोठें भेटतात. त्यांना मी एवढेंच सांगतों, कीं परदेशांतहि हा प्रश्न हौसेखातर नव्हे, तर बाईच्या श्रमांचा हिशेब मांडून सोडविला गेला. जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं १९२६ सालीं मोठ्या प्रमाणावर नवीं घरें बांधलीं जात होतीं. त्यांतील स्वयंपाकघराची आंखणी मार्गारेटे लिहोट्स्की या ऑस्ट्रियन स्त्री-स्थापत्यविशारदेनें केली. जागा सुमारें साडेतीन मीटर लांब आणि दोन मीटरांहूनहि कमी रुंद. तेवढ्यांत काम करणारीचीं पावलें वांचावींत अशा बेतानें तिनें ओटा, कुंडी, कपाटें आणि शेगडी यांच्या जागा ठरविल्या. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें त्या शहरीं झालीं. विशेष म्हणजे काम करण्याची फळी तेथेंहि लांकडाचीच, बीच नांवाच्या झाडाची होती. आणि थकलेल्या बाईला बसून काम करतां यावें म्हणून एक फिरतें स्टूलहि होतें. तात्पर्य, ओटा उभा असावा कीं बैठा, हा धर्माचा प्रश्न नसून गुडघ्यांचा आहे.

म्हणून पहिलें माप घ्यावयाचें तें भिंतीचें नव्हे, तर काम करणाऱ्या माणसाचें. त्यानें सरळ उभें राहून कोपरांत हात काटकोनांत दुमडावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. ओट्याची वरची बाजू त्याहून तीन-चार इंच खालीं असली म्हणजे खांदे वर उचलावे लागत नाहींत. परंतु कुंडीच्या बाबतींत हात ओट्यावर नसून कुंडीच्या तळाशीं असतात, हें विसरूं नये. कुंडी फार खोल घेतली तर गुडघ्यांचें दुखणें कमरेला जातें. माझी पत्नी ठेंगणी आहे. तिच्या कोपराची उंची सदतीस इंच भरली. आम्हीं ओटा तेहेतीस इंचांवर ठेवला, आणि पोलादी कुंडी सातच इंच खोल निवडली. एवढा एक भाग माझ्याकडून पहिल्याच वेळीं बरोबर झाला. पुढच्या चुकांची यादी आतां ऐका.

खालचें कपाट मीं तयार विकत आणलें होतें. फाल्गुनाचे दिवस होते. कौलांखालच्या उष्ण माळ्यावर पडून फळी ठणठणीत वाळलेली. ती उतरविली, रंधा मारून साफ केली आणि वरच्या बाजूला तेल दिलें. खालची बाजू कोण पाहतो, म्हणून तशीच कोरडी सोडली. ही पहिली चूक. कुंडीसाठीं भोंक कापलें तें पाटीच्या चौकटीसारखें, चारी कोपरे काटकोनांत. आणि कापलेल्या कडांना कांहींहि लावलें नाहीं. ही दुसरी. कपाटाच्या वरच्या कांठांना सरस लावून फळी त्यावर दाबली आणि पुढें-मागें मिळून चौदा स्क्रू आंवळले. ही तिसरी. आणि भिंत व फळी यांमध्यें जी बारीक फट राहिली होती, तींत पाणी जाऊं नये म्हणून सिमेंट भरलें. ही चौथी, आणि सर्वांत मोठी. काम पुरें झाल्यावर त्या ओट्यावर मूठ आपटून मी पत्नीला मोठ्या अभिमानानें म्हणालों, "आतां हा भूकंपांतहि हलणार नाहीं."

मृगाचा पाऊस सुरू झाला. आमच्या बाजूस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांत. आषाढ संपण्यापूर्वीं फळीच्या मधोमध खोलगटपणा आला. कडा उचलल्या गेल्या, तशी कुंडीचा कांठ एका बाजूस अधांतरीं राहिला. त्या फटींतून पाणी खालीं झिरपूं लागलें आणि कापलेली कड काळी पडली. मीं फटींत कापूस कोंबला, वरून मेण ओतलें. पौषांत हवा कोरडी झाली, तेव्हां एका पहाटे स्वयंपाकघरांतून फटाका वाजल्यासारखा आवाज आला. उठून पाहतों तों कुंडीच्या कोपऱ्यापासून फळीच्या टोंकापर्यंत धाग्याच्या दिशेनें सरळ चीर गेली होती. मीं कुंडी काढून ठेवली. पुढचे दोन महिने माझ्या पत्नीनें पुन्हां मोरींत बसून काढले. ती कांहीं बोलली नाहीं. आणि भांडींहि तिनें या वेळीं वाजविलीं नाहींत.

अखेर मी आमच्या गांवच्या सुताराकडे गेलों. हा माझाच एके काळचा विद्यार्थी. त्याला भागाकार येत नसे. आणि एकदां, चौथीच्या भरल्या वर्गांत, मीं त्याला "तूं निव्वळ लांकूड आहेस" असें म्हटलें होतें. पुढें दोन वर्षांनीं त्यानें शाळा सोडली. तो शब्द मी विसरलों नव्हतों; त्याच्या दुकानाची पायरी चढतांना तर तो विशेषच आठवला. त्यानें घरीं येऊन फळीवरून तळहात फिरविला, खालीं वांकून स्क्रू मोजले आणि म्हटलें, "गुरुजी, तुम्ही हिला चारी बाजूंनी बांधून घातलीत. पावसांत ही अंग फुगवणार, थंडीत अंग चोरणार. तिला हलायला जागा कुठं ठेवलीत?"

मीं म्हटलें, "अरे, पन्नास वर्षांची वाळलेली फळी! ती आतां काय हलणार?"

तो म्हणाला, "शंभर वर्षांची असली तरी हलते. तुमच्या शाळेचं दार पावसाळ्यांत अडकायचं, तें आठवतंय ना?"

श्रोते हो, तें दार मीं तीस वर्षें खांद्यानें ढकलून उघडलें होतें. उन्हाळ्यांत बैलगाडीच्या चाकाची धाव सैल होते, तेव्हां शेतकरी तें चाक पाण्यांत बुडवून ठेवतो आणि धाव पुन्हां घट्ट बसते, हें मीं लहानपणापासून पाहिलें होतें. मला ठाऊक असलेली गोष्ट मला समजलेली मात्र नव्हती. ती आतां आपल्याला थोडक्यांत सांगतों.

लांकूड हें बारीक, लांबट नळ्यांच्या जुडीसारखें असतें. त्या नळ्यांच्या भिंती भोंवतालच्या हवेंतील ओल शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली म्हणजे ती परत देतात. झाड तोडलें, कापलें, पन्नास वर्षें वापरलें, तरी ही देवघेव थांबत नाहीं. हवेंतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असली तर लांकडांत त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारें ११ टक्के ओल राहते. आर्द्रता दीर्घकाळ ९० टक्के राहिली तर तीच ओल सुमारें २० टक्क्यांपर्यंत चढते. ओल वाढली कीं नळ्यांच्या भिंती जाड होतात, म्हणून लांकूड रुंदींत व जाडींत फुगतें. लांबींत मात्र त्याचा फरक नांवापुरताच पडतो. सागवान यांत बरेंच शांत समजतात. तरीहि दोन फूट रुंदीच्या सागवानी फळींत पांच टक्के ओल वाढली, तर तिची रुंदी तीनपासून साडेपांच मिलिमीटरांपर्यंत वाढते. सुताराच्या मापानें म्हणजे एक ते पावणेदोन सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

एक-दोन सूत म्हणजे काय मोठें, असें आपणांस वाटेल. परंतु हें फुगणें विलक्षण जोराचें असतें. फळीला पुढें स्क्रूंनीं आणि मागें सिमेंटानें अडविलें, तर ती जाणार कोठें? तिच्या आंतल्या नळ्याच चिरडल्या जातात. मग हिंवाळ्यांत ती आंकसते, तेव्हां चिरडलेल्या फळीची रुंदी मूळच्याहूनहि कमी होऊं पाहते. आणि सरसानें व स्क्रूंनीं ती दोन्ही कडांना धरून ठेवलेली असते. ही ओढाताण असह्य झाली कीं फळी सर्वांत अशक्त जागीं फाटते. काटकोनी कापलेला कोपरा ही ती जागा. खोलगटपणा आला तो निराळ्या कारणानें. वरच्या बाजूला तेलाचा थर होता, खालची बाजू उघडी. म्हणून खालून ओल लवकर शिरली, खालची बाजू अधिक फुगली आणि कडा वर वळल्या. जो ओटा भूकंपांतहि हलणार नाहीं असें मी म्हणालों होतों, तो न हलण्यामुळेंच मोडला.

दुरुस्ती त्यानें अशी केली. फळी सोडवून महिनाभर घरांतच, सावलींत, खालींवर वारा लागेल अशी ठेवली. नंतर चिरेच्याच रेषेंत ती उभी कापली, दोन्ही कडा रंध्यानें सरळ केल्या आणि पाण्याला दाद न देणाऱ्या इपॉक्सीनें पुन्हां सांधल्या. सागाच्या अंगांत तेल असतें, त्यावर चिकटविण्याचा पदार्थ नीट धरत नाहीं. म्हणून सांधण्यापूर्वीं दोन्ही कडा थिनरच्या फडक्यानें पुसून लगेच काम केलें. या सर्व खटाटोपांत फळीची रुंदी दोन सूत कमी झाली. झोपाळ्याच्या कड्यांचीं चार भोंकें त्यानें सागाच्याच खुंट्यांनीं बुजविलीं. पण खुंटीचे धागे फळीच्या धाग्यांच्या दिशेनेंच ठेवले, नाहींतर खुंटी एकीकडे आणि फळी दुसरीकडे फुगली असती.

आतां बसविण्याचा क्रम सांगतों. ज्यांना घरीं हें काम करावयाचें असेल त्यांनीं तो ध्यानांत ठेवावा.

आरंभ खालच्या कपाटापासून करावा. स्वयंपाकघराची जमीन मोरीकडे उतरती असते, म्हणून कपाट नुसतें ठेवून भागत नाहीं. पाणसळ लांबींत, रुंदींत आणि तिरपी, अशी तिन्ही प्रकारें ठेवून पायांखालीं पाचरी देत कपाट समपातळींत आणावें आणि मगच तें भिंतीला पक्कें करावें. कपाट हलतां कामा नये. हलण्याची मुभा फक्त फळीला आहे. कपाट प्लायवूडचें असेल तर तें जलरोधक प्रकारचें घ्यावें; भारतीय मानकांप्रमाणें आय. एस. ७१० हा आंकडा अशा मरीन प्लायवूडवर असतो. पाय जमिनीपासून चार इंच तरी उंच असावेत, म्हणजे खालीं केरसुणी फिरते, ओल दिसते आणि वाळवी आली तर तीहि दिसते.

नंतर कुंडीचें भोंक. कुंडी फळीवर उपडी ठेवून तिच्या कांठाभोंवतीं पेन्सिलीनें रेघ मारावी. या रेघेवर कापावयाचें नाहीं! तिच्या आंत सुमारें अर्ध्या इंचावर दुसरी रेघ मारून तिच्यावर कापावें, म्हणजे कुंडीचा कांठ फळीवर टेंकतो. मात्र कुंडीचें भांडें आणि कापलेली कड यांमध्यें चारी बाजूंस एक सूत मोकळें राहील, हें आधीं मोजून घ्यावें. पोलाद पावसाळ्यांत फुगत नाहीं, लांकूड फुगतें. भोंकाच्या पुढें व मागें निदान तीन इंच फळी शिल्लक राहावी. चारी कोपऱ्यांत आधीं गोल भोंकें विंधून घ्यावीं आणि मग एका भोंकापासून दुसऱ्यापर्यंत करवत चालवावी. गोल कोपऱ्यांत ताण वांटला जातो, चीर सुरू होत नाहीं. कापतांना मधला तुकडा खालून कोणीतरी धरावा. तो शेवटीं आपल्या वजनानें तुटला तर कडेचा ढलपा घेऊन पडतो. आमच्याकडे तो तुकडा माझ्या पत्नीनें धरला होता. पुढें तिनें त्याचा पोळपाट करून घेतला.

कापलेल्या कडांची काळजी सर्वांत अधिक घ्यावी, कारण तेथें नळ्यांचीं तोंडें उघडीं पडतात आणि पाणी त्यांतून दिव्याच्या वातींतील तेलाप्रमाणें चढतें. या कडांना आणि कुंडीचा कांठ जेथें टेंकावयाचा त्या इंचभर पट्ट्याला पातळ इपॉक्सीचे तीन हात द्यावे. बाकीच्या फळीला वरून, खालून आणि चारी कडांना सारखेंच उकळलेलें जवसाचें तेल द्यावें. रंगारी याला बेलतेल म्हणतात. हात पातळ असावा, अर्ध्या तासानें उरलेलें तेल पुसून घ्यावें, दिवसभर वाळूं द्यावें आणि मग दुसरा हात. असे चार हात झाल्यावर आठवडाभर फळी तशीच ठेवावी. कोंकणांत नारळाचें तेल हाताशीं असतें, पण तें येथें उपयोगी नाहीं. तें सुकत नाहीं, चिकट राहतें आणि खंवट होतें. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. याच गुणामुळें त्यांत एक धोकाहि आहे, तो आवर्जून सांगतों. या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यांत टाकली, तर ती आंतल्या आंत तापून आपोआप पेट घेऊं शकते. काम संपतांच अशा चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्या, किंवा पाण्यांत भिजवून टाकाव्या.

आतां फळी कपाटावर चढवावी. सरस बिलकुल लावूं नये. कपाटाच्या वरच्या चौकटींत पुढच्या बाजूस गोल भोंकें ठेवावीं. मधल्या व मागच्या बाजूस मात्र लांबट भोंकें, रुंदीच्या दिशेनें तीन सूत लांब, कोरून घ्यावीं. खालून वायसर घालून स्क्रू मारावे आणि ते मागच्या बाजूस आंवळून पुन्हां पाव फेरा सैल करावे. म्हणजे फळीची पुढची कड जागेवर राहते आणि जें फुगणें-आंकसणें होईल तें मागें सरकतें. चौकट पाऊण इंच जाड व फळी दीड इंच जाड असेल, तर स्क्रू दीड इंचाचा पुरे. अधिक लांब घेतला तर वर टोंक येण्याची भीति. स्क्रू पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावे. मागें भिंतीपाशीं दोन सूत फट मोकळी सोडावी, तींत कांहींहि भरूं नये. वरून सागाची एक पट्टी त्या फटीवर येईल अशी बसवावी. पट्टी भिंतीला पक्की करावी, फळीला नव्हे. नळहि शक्य तर भिंतींतूनच काढावा.

शेवटीं कुंडी. कांठाखालीं सिलिकोनची न तुटणारी अशी एक सलग वळी सोडावी, कुंडी सरळ वरून ठेवावी आणि खालचे चाप समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनें आंवळावे. एक चाप पुरा आंवळून दुसऱ्याकडे गेलें तर कांठ वांकडा बसतो. फार आंवळूनहि सर्व सिलिकोन बाहेर काढूं नये. तें रबरासारखें लवतें, आणि फळी सरकली तरी सांधा टिकतो तो त्यामुळेंच. एक दिवस पाणी सोडूं नये. नंतर खालीं सांडपाण्याची नळी जोडावी. तिच्यांत वांकडा सापळा असावा. त्यांत नेहमीं थोडें पाणी राहतें व गटाराची दुर्गंधि आणि झुरळें वर येत नाहींत. परीक्षा अशी करावी: कपाटांत कोरडें वर्तमानपत्र पसरावें, कुंडी कांठोकांठ भरावी आणि एकदम सोडावी. कागदावर एकहि थेंब नसेल तर उत्तीर्ण.

एवढें करून लांकूड पाण्याजवळ टिकेल काय, असें कोणी विचारील. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या कारागिरांनीं 'त्रिंकोमाली' नांवाचें सागवानी लढाऊ जहाज बांधलें. तें आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. तेव्हां साग पाण्याला भीत नाहीं. त्याचें वैर आहे तें साचलेल्या पाण्याशीं आणि आपल्या आळसाशीं. भांडीं घासून झाल्यावर ओटा कोरड्या फडक्यानें पुसावा, ओला तांब्या रात्रभर त्यावर ठेवूं नये आणि वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, तेलाचा एक हात द्यावा. एवढीहि निगा ज्याच्यानें होणार नाहीं, त्यानें खुशाल दगडाचा ओटा घालावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

आमचा ओटा दुसऱ्यांदा बसविल्याला आतां पांच पावसाळे झाले. मागची पट्टी मी वर्षांतून दोनदां सोडवून पाहतों. माघांत ती फट दोन सुतांहून थोडी अधिक असते, श्रावणांत जेमतेम एक. फळी आपल्या जागेंत जाते आणि येते. कुंडीच्या कांठाला पत्ताहि लागत नाहीं.

आतां त्या सुताराविषयीं एक शेवटची गोष्ट सांगतों. काम संपलें त्या संध्याकाळीं तो चहा घेत बसला होता. चौथीच्या वर्गांत उच्चारलेला तो शब्द परत घ्यावयाचा, असें मीं ठरविलें होतें. मीं म्हटलें, "तुला आठवत नसेल, पण मीं एकदां तुला सर्वांदेखत लांकूड म्हटलें होतें. तें मीं बोलावयास नको होतें."

त्यानें कप खालीं ठेवला व म्हणाला, "आठवतंय, गुरुजी. पोरं हसली, त्याचं वाईट वाटलं. पण लांकूड म्हणजे वाईट, असं मला तेव्हांही वाटलं नव्हतं. माझा बाप सुतार होता."

मला पुढें बोलतां आलें नाहीं. बोलली ती माझी पत्नी. ती त्या ओट्यापाशीं उभी राहून त्याच्याच कपबशा विसळीत होती. मागें वळून न पाहतां ती म्हणाली, "आणखी एक कप घे रे बाळ, आतां मला उठाबशी नाहीं."